तीस जीव कुठून आले? 'कॉन्ट्रा' आणि साधनांची चिकित्सा

समजा, तुम्ही पेट पास झाला आहात आणि आराखड्यासाठी विषय घेतलाय, 'मराठवाड्यातील तालुक्याच्या गावांमधली करमणूक, १९८५ ते २००५'. गाव निवडलंय सिल्लोड. संभाजीनगर-जळगाव रस्त्यावरचं तालुक्याचं ठिकाण, संभाजीनगरहून अजिंठा लेण्यांकडे जाणारी वाहतूक इथूनच जाते. टॉकीजवर एक प्रकरण, व्हिडिओ सेंटर आणि केबलवर एक, आणि मग एक प्रकरण व्हिडिओ गेमवर. आज चाळिशीत असलेल्या कुणालाही त्या काळातल्या गेमबद्दल विचारलं तर दोन नावं हमखास येतात. एक मारिओ आणि दुसरं कॉन्ट्रा. बंदुका घेतलेले दोन सैनिक, जंगल, उलटीपालटी उडी आणि न थांबणाऱ्या गोळ्या.

मग तुम्ही रात्री बसून आराखड्यात एक वाक्य लिहिता: "कोनामी या जपानी कंपनीने १९८७ साली बाजारात आणलेल्या 'कॉन्ट्रा' या युद्धखेळाने शीतयुद्धकालीन अमेरिकी लष्करी विचार मराठवाड्यातील मुलांपर्यंत पोचवला."

वाक्य भारदस्त आहे. कंपनी आणि साल दोन्ही बरोबर आहेत. पण आराखडा मांडायला उभे राहिलात की समितीतला जरा जागा असलेला सदस्य एकच प्रश्न विचारेल: "कोणता कॉन्ट्रा?" आणि वाक्य तिथंच बसेल. असं का होतं आणि ते वाक्य सावरायचं कसं, हे आज पाहू. गेमवर संशोधन करणार नसाल तरी वाचा. नाटकाची संहिता असो, पोवाडा असो की सरकारी अहवाल, हा प्रश्न सगळ्याच साधनांना विचारावा लागतो.

आधी प्रत ठरवा

हा प्रश्न आपल्याला नवा नाही. आपल्याच जिल्ह्यातल्या पैठणला एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इसवी सन १५८४ मध्ये, ज्ञानेश्वरीच्या प्रती तपासून शुद्ध पाठ सिद्ध केला. नकला करता करता पाठ बदलत जातो, हे त्यांना ठाऊक होतं. आजही ज्ञानेश्वरीवर लिहिणारा अभ्यासक राजवाडे प्रत वापरतो की दुसरी कुठली, हे आधी सांगतो. छापील पुस्तकाची आवृत्ती आपण तळटीपेत न चुकता देतो. पण सिनेमा, गाणं, गेम अशा गोष्टींकडे वळलो की ही शिस्त कशी कोण जाणे गळून पडते. 'कॉन्ट्रा' म्हणजे 'कॉन्ट्रा', त्यात प्रत कसली?

तर त्यात निदान चार प्रती आहेत.

पहिली प्रत १९८७ ची, नाण्यावर चालणाऱ्या मशीनवरची. हे मशीन म्हणजे उभं कपाट, त्यात आडव्यापेक्षा उभा जास्त असलेला पडदा आणि दोन खेळाडूंसाठी दांडे. जपानी गोष्टीप्रमाणे काळ आहे इसवी सन २६३३, जागा आहे न्यूझीलंडजवळची काल्पनिक बेटं आणि शत्रू आहे 'रेड फाल्कन', म्हणजे परग्रहावरची शक्ती. हेच मशीन युरोपात 'ग्रायझर' या नावानं गेलं.

दुसरी प्रत १९८८ ची. निन्टेन्डोच्या फॅमिकॉम या घरगुती यंत्रासाठी जपानात निघालेली. हिच्यात टप्प्यांच्या मध्ये नकाशा आणि छोटी हलती चित्रं येतात, त्यामुळे गोष्ट खेळता खेळता कळत राहते.

तिसरी प्रत त्याच वर्षी अमेरिकेत निघाली. हिच्यातून नकाशा आणि ती हलती चित्रं गेली. सोबतच्या पुस्तिकेनं गोष्ट सुमारे साडेसहाशे वर्षं मागे ओढून तेव्हाच्या वर्तमानकाळात आणली आणि बेटांच्या जागी ॲमेझॉनचं जंगल आलं.

चौथी प्रत १९९० ची, युरोपातल्या घरगुती यंत्रासाठी. हिचं नाव 'प्रोबोटेक्टर'. जर्मनीत मुलांसाठीच्या हिंसक माध्यमांवर कडक नियम होते, म्हणून दोन्ही सैनिक काढून त्यांच्या जागी यंत्रमानव बसवले आणि बरेचसे शत्रूही यंत्रमानव झाले.

आता या चार प्रती शेजारी शेजारी ठेवून बघा. दोन घरगुती प्रतींमध्ये आणि 'प्रोबोटेक्टर'मध्ये उडी तीच आहे, गोळ्या त्याच आहेत, धबधबा तोच आहे. बदललंय ते फक्त एवढंच: कोण, कुणावर, कुठं आणि का गोळ्या झाडतंय. म्हणजे आपण ज्याला गेमचा 'लष्करी आशय' म्हणतो, तो कंपनीच्याच लेखी कपड्यासारखा बदलता येणारा होता. तुमच्या वाक्यातला 'विचार' या कपड्यात आहे की उडी-गोळीत आहे, हे आधी ठरवायला हवं.

नावावर आणि सालावर भुलू नका

इथं कुणीतरी हात वर करणार. "पण नावच कॉन्ट्रा आहे ना? निकाराग्वाचे बंडखोर!"

मुद्दा चांगला आहे. निकाराग्वात १९७९ मध्ये सँडिनिस्टा सत्तेवर आले. त्यांच्याविरुद्ध लढणाऱ्या, अमेरिकेची मदत असलेल्या सशस्त्र गटांना 'कॉन्ट्रा' म्हणत. इराणला गुपचूप शस्त्रं विकून त्या पैशातून त्यांना मदत केल्याचं प्रकरण नोव्हेंबर १९८६ मध्ये उघड झालं आणि जगभर गाजलं. त्यानंतर काही महिन्यांतच गेम आला. मशीनवरच्या प्रतीतल्या शेवटच्या संगीताचं शीर्षकही 'सँडिनिस्टा' आहे.

म्हणजे बनवणाऱ्यांच्या कानावर बातमी होती, इतपत म्हणायला आधार आहे. पण पुढची उडी सांभाळून मारा. जपानी गोष्टीत 'कॉन्ट्रा' ही असामान्य लढवय्याला दिलेली पदवी आहे, आणि ते नाव लिहिताना अशी चिनी-जपानी अक्षरं निवडलीत की पहिल्या दोन अक्षरांचे अर्थ 'आत्मा' आणि 'लढा' असे होतात. बातमीतलं नाव उचलणं वेगळं आणि बातमीतली बाजू उचलणं वेगळं. पहिल्याचा पुरावा दुसऱ्याला चालत नाही.

बनवणाऱ्याच्या देशावरूनही आशय ठरवू नका. कॅपकॉम या जपानी कंपनीचा '१९४२' हा गेम घ्या. तो १९८४ चा. खेळाडू बसतो पी-३८ या अमेरिकी विमानात, पाडतो जपानी विमानं आणि निघालेला असतो टोकियोकडे. जपानी कंपनीनं जपानी खेळाडूच्या हाती हे दिलं. 'जपानी गेम म्हणजे जपानी दृष्टिकोन' हे समीकरण इथं पहिल्याच टप्प्यात कोसळतं. त्याच मालिकेतल्या १९८७ च्या गेमचं नाव आहे '१९४३: मिडवेची लढाई'. प्रत्यक्षात मिडवेची लढाई झाली जून १९४२ मध्ये. मालिकेचा पुढचा आकडा हवा होता, इतिहासाचा नव्हे. तेव्हा शीर्षकातलं साल हे साल म्हणून वापरायचं नाही. हे तुम्हाला हास्यास्पद वाटेल, पण ऐतिहासिक कादंबऱ्या आणि सिनेमांवरच्या प्रबंधांत ही गफलत सर्रास सापडते.

पाचवी प्रत

आता सिल्लोडला या. वरच्या चारपैकी कुठली प्रत इथं आली असेल?

नव्वदच्या दशकात भारतातल्या घराघरांत हा गेम पोचला तो मुख्यतः फॅमिकॉमच्या नकला असलेल्या स्वस्त यंत्रांवरून. आपण त्याला 'टीव्ही गेम' म्हणायचो. 'लिटल मास्टर' हे त्यातलं एक नाव. गेम यायचा तो 'कॅसेट'मध्ये, म्हणजे यंत्रात खोचायच्या प्लॅस्टिकच्या चौकोनी तुकड्यात. एका कॅसेटमध्ये बरेच गेम. वर लिहिलेलं असायचं '६४ इन १' किंवा थेट '९९९९९९९ इन १'. यादी उघडली की तोच कॉन्ट्रा तीन-चारदा दिसायचा: एकदा साधा, एकदा तीस जीवांचा, एकदा मधल्याच टप्प्यापासून सुरू होणारा.

ही झाली पाचवी प्रत. संग्रहालयात किंवा कंपनीच्या दप्तरात ती मिळणार नाही, कारण कंपनीनं ती काढलेलीच नाही. पण तुमच्या प्रबंधासाठी खरी साधन-प्रत हीच आहे.

या प्रतीत काय नाही, ते पाहा. चित्राचं खोकं नाही, पुस्तिका नाही. म्हणजे ॲमेझॉन नाही आणि २६३३ सालही नाही. पडद्यावर इंग्रजीत टप्प्याचा क्रमांक आणि 'जंगल'सारखं एखाद्या शब्दाचं नाव येतं, की सुरू. अमेरिकी प्रतीवरून केलेल्या नकलेत 'रेड फाल्कन' हे शत्रूचं नाव पडद्यावर येतं ते आठही टप्पे संपल्यावर, अभिनंदनाच्या मजकुरात. ज्याचा गेम कधी पूर्ण झाला नाही, किंवा झाला पण तो इंग्रजी मजकूर वाचता आला नाही, त्याला आपण कुणाशी लढलो हे कधीच कळलं नाही.

तर मग 'शीतयुद्धकालीन विचार पोचला' हे म्हणायचं कशाच्या जोरावर? जी गोष्ट या पोरांपर्यंत आलीच नाही, तिचा परिणाम त्यांच्यावर कसा दाखवणार? उलट एक खरा प्रश्न इथं उभा राहतो. गोष्ट नसलेलं युद्ध हाती आल्यावर मुलांनी त्यात कुठली गोष्ट भरली? शत्रूला ते काय म्हणायचे? पुढे १९९९ मध्ये कारगिलची दृश्यं टीव्हीवर आली, तेव्हा त्या बिनानावाच्या शत्रूला नाव मिळालं का? हे इंटरनेटवर मिळणार नाही. ते विचारूनच कळेल.

तीस जीव हाही पुरावा असतो

प्रत ठरवण्याचा फायदा काय, याचं एक ठोस उदाहरण देतो.

कॉन्ट्राच्या घरगुती प्रतीत सुरुवातीच्या पडद्यावर बटणं एका ठरावीक क्रमानं दाबली की तीनऐवजी तीस जीव मिळतात: वर, वर, खाली, खाली, डावं, उजवं, डावं, उजवं, बी, ए. ही युक्ती पहिल्यांदा आली ती कोनामीच्याच 'ग्रॅडियस'च्या १९८६ च्या घरगुती प्रतीत. काझुहिसा हाशिमोतो यांना चाचणी करताना तो गेम फार अवघड जात होता, म्हणून त्यांनी ती सोय ठेवली आणि ती आत तशीच राहिली. कॉन्ट्राच्या नाण्याच्या मशीनवर मात्र ही सोय नाही.

आता समजा, मुलाखतीत कुणी सांगितलं, "बसस्टँडजवळच्या पार्लरला आम्ही तीस जीव घेऊन खेळायचो." हे वाक्य नुसतं लिहून घेऊन पुढे जाऊ नका. तीस जीव असतील तर ते नाण्याचं मशीन नव्हतं. बहुधा साधा टीव्ही, त्याला जोडलेलं घरगुती यंत्र आणि वेळेवर पैसे, असा तो धंदा असणार.

हा फरक छोटा नाही. नाण्याच्या मशीनवर मालक विकतो जीव. तुम्ही लवकर मेलात तरच पुढचं नाणं पडणार, त्यामुळे मशीनवरचा गेम मुद्दाम कठीण असतो. एक गोळी लागली की जीव गेला, यामागे हे अर्थशास्त्र आहे. तासावर चालणाऱ्या दुकानात मालक विकतो वेळ. तुम्ही मरता की जगता याच्याशी त्याला देणंघेणं नाही. मग तीस जीव गिऱ्हाइकाला परवडतात, दोघं मिळून अर्ध्या तासात शेवटचा टप्पा गाठायची ईर्ष्या धरतात, आणि मागे उभं राहून सूचना देणाऱ्यांची गर्दी जमते. म्हणजे 'तीस जीव' या दोन शब्दांतून तुम्हाला दुकानाची रचना, दर आकारण्याची पद्धत आणि खेळण्याची रीत या तिन्हींचा माग लागतो.

पण इथंही थांबून दुसरा प्रश्न विचारा: "तीस जीव कसे घ्यायचात? बटणं दाबून की यादीतून निवडून?" कारण पाचव्या प्रतीत ते आयतेच मिळायचे. बटणांचा क्रम माहीत असेल, तर तो कुणाकडून कळला ते विचारा. शाळेत? सुट्टीत आलेल्या मुंबईच्या आतेभावाकडून? पुस्तिका नसलेल्या गावात ज्ञान कसं फिरत होतं, त्याचा नकाशा तुम्हाला इथून काढता येईल.

आणि एक मर्यादाही लक्षात ठेवा. एकानं तीस जीव सांगितले म्हणजे गावात नाण्याचं मशीन नव्हतंच, असं सिद्ध होत नाही. ते त्या एका दुकानापुरतं खरं.

दप्तर काय पाहतं?

नुसत्या आठवणींवर प्रकरण उभं राहत नाही, कागद लागतो. सुदैवानं व्हिडिओ गेमचा धंदा सरकारच्या नजरेत होता. महाराष्ट्रात १९२३ च्या मुंबई करमणूक शुल्क कायद्याखाली सिनेमा, केबल यांच्याबरोबर व्हिडिओ गेमवरही शुल्क होतं आणि ते काम जिल्हाधिकारी कार्यालयाची करमणूक कर शाखा पाहायची. १९५१ च्या मुंबई पोलीस कायद्याखाली सार्वजनिक करमणुकीच्या जागांना परवाना लागायचा. म्हणून अर्ज, तपासणी, नोटीस, दंड असा कागद तयार होण्याची जागा होती.

पण या कागदात सैनिक शोधू नका. सर्वोच्च न्यायालयानं १९९५ मध्ये एम. जे. शिवानी विरुद्ध कर्नाटक राज्य या खटल्यात व्हिडिओ गेम पार्लरवर निकाल दिला. वाद होता बंगळूरच्या १९८९ च्या परवाना आदेशाचा. न्यायालयानं परवान्याची अट वैध ठरवली. त्या वादाचा गाभा होता कौशल्य की नशीब, खेळ की जुगार. पडद्यावर कोण कुणाला मारतंय, हा मुद्दा नव्हता. दप्तर मशीन मोजतं, पैसे मोजतं, दुकान किती वाजता बंद झालं ते लिहितं. गेमचं नावसुद्धा त्यात नसेल. तेव्हा 'सरकारला हिंसेची पर्वा नव्हती' असा निष्कर्ष या मौनातून काढू नका. ज्या कागदाचं काम शुल्क वसूल करणं आहे, तो शुल्काबद्दलच बोलणार.

आणि आता घाईची गोष्ट. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि राज्याचा करमणूक कर त्यात विरून गेला. ज्या शाखेचं काम संपतं, तिच्या जुन्या फायलींना वाली राहत नाही. महसुली अभिलेखांचे वर्ग तुम्हाला माहीत असतील. अ वर्ग कायम ठेवायचा, ब वर्ग तीस वर्षं, क वर्ग दहा वर्षं, ड वर्ग एक वर्ष. मुदत संपली की निंदणीकरण. शेतात तण काढतात तसे कागद काढून टाकतात, आणि तेही नियमानंच. नव्वदच्या दशकातला कागद ब वर्गात असला, तरी त्याची तीस वर्षं आत्ता भरत आहेत. क वर्गात असला तर तो केव्हाच गेलेला असू शकतो. म्हणून पुस्तकं नंतर वाचा, माहितीच्या अधिकाराचा अर्ज आधी टाका. अर्जात 'करमणूक कर शाखा, व्हिडिओ गेम परवाने, सिल्लोड तालुका' असं नेमकं लिहा. फाईल नष्ट झाली असेल तर नष्ट केलेल्या अभिलेखांची यादी मागा, तीही साधन असते. आणि जिल्ह्याचं नाव जुन्या कागदांत औरंगाबाद आहे, त्यामुळे शोधताना दोन्ही नावं वापरा.

मुलाखतीत साल कसं काढायचं?

"कोणत्या वर्षी खेळायचात?" असं विचारलं की लोक अंदाजे एखादं गोल साल सांगतात. मराठवाड्यात आपल्याकडे त्यापेक्षा पक्क्या खुणा आहेत. किल्लारीचा भूकंप, ३० सप्टेंबर १९९३. विद्यापीठाचा नामविस्तार, १४ जानेवारी १९९४. "भूकंपाच्या आधी गेम आला होता की नंतर? तेव्हा तुम्ही कितवीत होतात?" यावर माणूस विचार करून उत्तर देतो. मग दहावीचं साल विचारून मागे मोजत या.

आणखी काही प्रश्न वहीत लिहून ठेवा. कॅसेट कुठून आणली, संभाजीनगरहून, जळगावहून की मुंबईहून? पैसे कोण द्यायचं? लाईट गेली की वेळ मोजली जायची का? घरी यंत्र होतं त्या मुलाचा वाड्यात काय रुबाब होता? आणि मुली खेळायच्या का? हा शेवटचा प्रश्न बायकांनाच विचारा. पुरुष पटकन "नाही" म्हणतील, कारण त्यांच्या डोळ्यांसमोर पार्लर असतं. घरातल्या टीव्हीसमोर, भावाच्या शेजारी दुसरं रिमोट हातात धरून कोण बसलं होतं, ते बहिणीला आठवतं. मशीन की घरगुती प्रत हा फरक इथंही कामाला येतो. एका प्रतीच्या इतिहासात मुली जवळपास नाहीत असं वाटेल, आणि दुसरीत त्या बरोबरीनं खेळताना सापडू शकतील.

आता ते पहिलं वाक्य पुन्हा लिहून पाहू: "या प्रकरणात 'कॉन्ट्रा' म्हणजे फॅमिकॉमच्या नकलांवर, पुस्तिकेशिवाय, अनेक गेमांच्या कॅसेटमधून उपलब्ध झालेली प्रत. गोष्ट वगळून पोचलेल्या या युद्धखेळाला सिल्लोडमधल्या खेळाडूंनी कोणते अर्थ दिले, आणि ते अर्थ खेळण्याच्या जागेनुसार व दर आकारण्याच्या पद्धतीनुसार कसे बदलले, याचा शोध घेतला जाईल."

वाक्याचा भारदस्तपणा थोडा उतरलाय. पण "कोणता कॉन्ट्रा?" असं विचारलं, तर आता तुमच्याकडे उत्तर आहे. शिवाय त्यात तपासता येईल असा प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर कुठं मिळेल ते तुम्हाला माहीत आहे: एका बंद पडलेल्या शाखेच्या रॅकवर आणि चाळिशी ओलांडलेल्या माणसांच्या बोलण्यात. दोन्हींना मुदत आहे.

सराव म्हणून या आठवड्यात एवढंच करा. आपल्या गावातल्या एका माणसाला आणि एका बाईला गाठा. मशीनवर की टीव्हीवर, तीस जीव कसे मिळायचे, आणि समोरचा शत्रू कोण होता, हे तीन प्रश्न विचारा. उत्तरं त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या, खाली तारीख टाका.